एटीकेटीवाल्यांचा वर्ग हाती आलाय? आधी त्यांचे जुने पेपर मागवा

प्रश्न: मी दोन वर्षांपासून एका विधी महाविद्यालयात शिकवतो. एलएलबीच्या पहिल्या वर्षात ज्यांचे विषय राहिले आहेत, त्यांच्यासाठीचा 'शैक्षणिक साहाय्य वर्ग' यंदा माझ्याकडे आलाय. आठवड्याला दोन तास, तीसेक मुलं, निम्म्याहून जास्त मराठी माध्यमातून आलेली. गेल्या वर्षी सहकाऱ्यांनी उजळणीची लेक्चर्स घेतली होती, त्याचा फारसा उपयोग झाला नाही. मी सुरुवात कुठून करू?

उत्तर:

उजळणीची लेक्चर्स मीही घेतली आहेत, दोन वर्षं. करारकायदा कलम 1 पासून पुन्हा सगळा. पहिल्या आठवड्यात वर्ग भरलेला, चौथ्या आठवड्यात दीड बाक. निकाल होता तिथेच. 'मुलांना शिकायचंच नाही' म्हणून मी मोकळी झाले होते. मग एका मुलीने विद्यापीठाकडून आपल्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली आणि माझ्या टेबलावर आणून ठेवली. म्हणाली, "मॅडम, यात चुकीचं काय आहे तेवढं सांगा. सगळं बरोबर लिहिलंय तरी नापास."

मी वाचलं. खरंच, एकही वाक्य चुकीचं नव्हतं. प्रश्न असा होता: 17 वर्षांचा मुलगा आपण 19 वर्षांचे आहोत असं सांगून हप्त्यांवर दुचाकी घेतो, दोन हप्ते भरतो आणि थांबतो, दुकानदाराला कायद्याने काय मिळू शकेल? तिने चार पानं लिहिली होती. कराराची व्याख्या, कलम 10 ची सगळी अंगं, कलम 11, मोहोरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष हा 1903 चा प्रिव्ही कौन्सिलचा (ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाचा) निकाल, त्यातल्या पक्षकारांच्या नावांसकट. त्या चार पानांत मुलगा नव्हता, दुचाकी नव्हती, दुकानदारही नव्हता. शेवटची ओळ होती, 'अशा प्रकारे अल्पवयीनाशी केलेला करार शून्य असतो.' परीक्षकाने समासात एवढंच लिहिलं होतं: मग?

त्या 'मग?'वर मी पुढची सगळी वर्षं काम केलं. या मुलांना कायदा येत नाही असं नसतं. कायदा समोरच्या माणसांना लावून दाखवणं त्यांच्याकडून कधी कुणी करूनच घेतलेलं नसतं, आणि लिहिलेलं त्यांच्यासमोर बसून कुणी वाचलेलं नसतं. दोन तासांत तुम्ही जितकं कमी बोलाल तितकं चांगलं. लिहून घ्या आणि ते वाचा.

पण कुणाचं काय अडलंय हे आधी कळायला हवं. तीस मुलांचा आजार एकच नसतो. शक्य असेल तितक्यांना जुन्या उत्तरपत्रिकांच्या छायाप्रती मागवायला लावा. ज्यांना जमणार नाही त्यांच्याकडून पहिल्याच तासाला एक छोटं उत्तर लिहून घ्या, पंधरा मिनिटांत, पुस्तक उघडं ठेवून. पुस्तक मुद्दाम उघडं ठेवायचं. आपल्याला पाठांतर तपासायचं नाही. हातात कलम असूनही मूल त्याचं काय करतं, ते बघायचंय.

मग प्रत्येकाशी पाच मिनिटं मराठीत बोला. माझी जुनी कसोटी अशी: लिहिलेला कागद बाजूला ठेवायचा आणि म्हणायचं, 'हेच मला तोंडी सांग, घरी सांगशील तसं.' मूल मराठीत नीट सांगू शकलं तर त्याचं अडलंय ते लिहिण्यात, फार तर इंग्रजीत. मराठीतही सांगता आलं नाही तर इंग्रजीला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला मुळात कळलेलंच नाही, मग ते फाडफाड इंग्रजी बोलणारं का असेना. ही फोड केली नाही तर कॉन्व्हेंटमधून आलेला, छान इंग्रजीत पोकळ उत्तर लिहिणारा मुलगा तुमच्या नजरेतून निसटतो आणि मराठी माध्यमातली, कायदा पक्का समजलेली मुलगी 'कच्ची' ठरते. हे माझ्याकडून झालेलं आहे.

आता वाचनाकडे येते. दुखणं तिथेच सुरू होतं.

मुलं जजमेंट वाचत नाहीत, जजमेंटबद्दल वाचतात. गाइडमध्ये सहा ओळी, झेरॉक्स नोट्समध्ये चार, आणि मोबाइलवर फिरणाऱ्या पीडीएफमध्ये दोन. पहिल्या महिन्यात त्यांना एकच अस्सल, पण छोटं निकालपत्र पूर्ण वाचायला लावा. केशवानंद भारतीने सुरुवात करू नका; 1973 च्या त्या निकालात 13 न्यायाधीश आहेत आणि 11 स्वतंत्र निकालपत्रं, तिथे भलेभले दमतात. मी वर्षानुवर्षं लालमन शुक्ला विरुद्ध गौरी दत्त वापरते. 1913 चा अलाहाबाद उच्च न्यायालयाचा निकाल, जेमतेम दोन-तीन पानांत मावणारा, आणि प्रत्येकाला वाटतं की हा तर आपल्याला पाठ आहे.

गोष्ट सगळ्यांना माहीत असते. मालकाचा पुतण्या घरातून निघून गेला, मालकाने मुनीमाला हरिद्वारला शोधायला पाठवलं, नंतर मुलगा शोधून देणाऱ्याला 501 रुपयांच्या बक्षिसाची पत्रकं काढली, मुनीमाला मुलगा सापडला, त्याने बक्षीस मागितलं, दावा फेटाळला. का? वर्ग एका सुरात सांगतो, "त्याला प्रस्तावाची माहितीच नव्हती."

मी हेडनोट, म्हणजे निकालाच्या डोक्यावर छापलेला सारांश, कापून फक्त निकालाच्या प्रती वाटते आणि पहिला प्रश्न विचारते: त्याने दावा किती रुपयांचा केला होता? ज्याने गाइड वाचलंय तो 501 म्हणतो. निकालपत्रात आकडा आहे 499. त्या एका आकड्यावर वर्ग सावरून बसतो. कुणी वाचलंय आणि कुणी नाही, हे तुम्हाला कुणालाही न दुखावता कळतं आणि त्यांनाही कळतं.

मग पुढे. त्याने दाव्यात काय म्हटलं होतं? की मालकाने हरिद्वारला पाठवतानाच बक्षीस कबूल केलं होतं. कोर्टाने ते खरं मानलं का? नाही, पत्रकं तो गेल्यानंतर निघाली होती. मुलगा सापडल्यावर त्याला काहीच मिळालं नव्हतं का? दोन सुवर्णमुद्रा आणि नंतर 20 रुपये मिळाले होते. मग दावा केव्हा केला? नोकरीवरून काढल्यावर, सुमारे सहा महिन्यांनी. इथे कुणीतरी हसतं आणि म्हणतं, 'आत्ता कळलं.' कायद्याच्या दृष्टीने या तपशिलाला महत्त्व नाही, पण यातूनच मुलांना दिसतं की निकालातली माणसं खरी होती. महत्त्वाची वस्तुस्थिती आणि नुसती रंजक वस्तुस्थिती यांतला फरकही इथेच शिकवता येतो. वेगळं लेक्चर लागत नाही.

खरी गंमत त्यापुढच्या वाक्यात आहे. निकालात म्हटलंय की काही पत्रकं त्याच्याकडे हरिद्वारला पाठवली होती. आता? 'माहितीच नव्हती' हे उत्तर इतकं सरळ राहतं का? मुलं पुन्हा पानं उलटतात. न्यायमूर्ती बॅनर्जींनी स्वीकृतीसाठी प्रस्तावाची माहिती हवी हे तत्त्व मांडलंय, ते खरंच. पण दावा फेटाळताना त्यांनी भर दिलाय तो दुसऱ्याच मुद्द्यावर: मुलाला शोधायला जायचं मुनीमाने कबूल केलं तेव्हाच ते त्याचं कर्तव्य झालं होतं, बक्षीस जाहीर होण्याआधीच, जे करायला तो आधीच बांधील होता ते मालकाच्या वचनाचं प्रतिफल (वचनाच्या बदल्यातला मोबदला) होऊ शकत नाही. म्हणजे ज्या वाक्यासाठी हा खटला सगळ्या गाइडांत प्रसिद्ध आहे, त्याहून त्याचा पाया थोडा वेगळा आहे. हे मुलांनी स्वतः शोधलं की त्या दिवशी वर्ग संपल्यावरही बाहेर जिन्यावर वाद चालू असतो. रेशो, म्हणजे निकाल ज्या कायदेशीर कारणावर उभा असतो ते कारण, म्हणजे काय, यावर मी कधी वेगळं लेक्चर घेतलेलं नाही.

नंतर एकेक वस्तुस्थिती बदलायची. समजा मुनीम नाही, शेजारी गेला असता, आणि त्याने पत्रक वाचलेलं असतं तर? मुनीमच, पण राजीनामा देऊन गेला असता तर? शेजाऱ्याने मुलगा आधी शोधला आणि पत्रक नंतर वाचलं तर? प्रत्येक वेळी तीन ओळी लिहायच्या: निकाल बदलेल का, कुठल्या वस्तुस्थितीमुळे, निकालपत्रातल्या कुठल्या वाक्याच्या आधाराने. तीनच ओळी. चौथी ओळ लिहिणाऱ्याला मी खोडायला लावते.

हेडनोटबद्दल एक सांगायचं राहिलं. बरीच मुलं हेडनोट म्हणजेच निकाल समजतात आणि उत्तरात 'न्यायालयाने म्हटले' असं लिहून हेडनोटचं वाक्य उतरवतात. ती रिपोर्टच्या संपादकाने लिहिलेली असते, न्यायालयाने नाही. हे एकदा सांगून विसरलं जातं, म्हणून मी कात्रीच चालवते.

भाषेचं म्हणाल तर सगळे मोठ्या शब्दांच्या मागे लागतात. 'कन्सिडरेशन'ला मराठीत काय, 'एस्टॉपेल'ला काय. प्रतिफल आणि प्रतिष्टंभ (आपल्या बोलण्यावर दुसरा विसंबला की नंतर त्यावरून पलटता न येणं). भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश आहे, त्यात हे सगळं सापडतं, एक प्रत वर्गात ठेवा. मोबाइलवरच्या भाषांतराने मात्र मोठे घोळ होतात. 'विचाराशिवाय केलेला करार शून्य असतो' हे वाक्य मी उत्तरपत्रिकेत वाचलं आहे; बिचाऱ्याने 'कन्सिडरेशन'चं भाषांतर मारलं होतं. तसाच 'किरकोळ व्यक्तीशी केलेला करार' आणि आरोपीला 'जन्मठेपेचे वाक्य'. हसू येतं, पण त्या मुलाला निकालपत्र वाचताना काय दिसत असेल याची कल्पना करा.

तरीही मोठे शब्द हा सोपा भाग आहे. दहा-पंधरा वेळा समोर आले की ते बसतात. घात होतो तो छोट्या शब्दांनी: 'अनलेस', 'प्रोव्हायडेड दॅट', 'सब्जेक्ट टू', 'नॉटविथस्टँडिंग', 'शॅल' आणि 'मे'. करारकायद्याचं कलम 25 घ्या. प्रतिफलाशिवायचा करार शून्य आहे, एवढं वाक्य मुलं वाचतात आणि थांबतात. पुढचा 'अनलेस' आणि त्याखालचे अपवाद त्यांच्या डोळ्यांना दिसतच नाहीत. जवळच्या नात्यातल्या माणसाला प्रेमापोटी दिलेलं लेखी, नोंदणीकृत वचन, आधी स्वेच्छेने केलेल्या कामाची भरपाई, मुदतबाह्य कर्ज फेडण्याचं सही केलेलं लेखी वचन, सगळं गेलं. आणि परीक्षेतला प्रश्न नेमका त्या अपवादांवरच असतो.

म्हणून बेअर अ‍ॅक्ट (कायद्याचा नुसता मूळ मजकूर) पेन्सिलीने वाचायला शिकवा. कलमातला मुख्य नियम अधोरेखित, अटीच्या शब्दाभोवती गोल, अपवादाला समासात फुली. मग तेच कलम आपल्या शब्दांत 'जर… तर… मात्र…' अशा मराठी वाक्यात. केंद्रीय कायद्यांचे अधिकृत मराठी अनुवाद उपलब्ध आहेत, ते शेजारी ठेवा. 'परंतु', 'अधीन राहून', 'काहीही अंतर्भूत असले तरी' ही त्यांतली भाषा मुलांना सुरुवातीला इंग्रजीइतकीच परकी वाटते, पण दोन्ही शेजारी ठेवल्या की एकीने दुसरीचं कुलूप उघडतं. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल ई-एससीआर या त्याच्याच संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात आणि काहींचे मराठी अनुवादही मिळतात. अनुवाद समजण्यासाठी, उद्धृत करताना मूळ इंग्रजी, हा नियम मात्र पहिल्या दिवसापासून लावा.

उत्तर मराठीत लिहायचं की इंग्रजीत, हे मुलं हमखास विचारतात. विद्यापीठाची मुभा असेल तर मी म्हणते, पहिला कच्चा मसुदा ज्या भाषेत विचार येतो त्या भाषेत करा. पेपरची भाषा मात्र सत्राच्या सुरुवातीला ठरवा आणि बदलू नका. परीक्षेच्या आठवड्यात भाषा बदलून कुणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही.

आता लिखाण. दुचाकीच्या प्रश्नाचं पुढे काय झालं ते सांगते.

त्या मुलीला मी चार पानं बाजूला ठेवायला सांगितलं आणि विचारलं, दुकानदार तुझ्याकडे वकील म्हणून आला तर पहिलं वाक्य काय बोलशील? ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "त्याला सांगेन, उरलेले हप्ते विसरा." ते लिही, म्हटलं. मग, हप्ते का विसरायचे? 'मुलगा 17 वर्षांचा आहे. भारतीय सज्ञानता अधिनियम, 1875 प्रमाणे 18 पूर्ण झाल्याशिवाय तो सज्ञान नाही. म्हणून कलम 11 खाली तो करार करायला सक्षम नाही. मोहोरी बीबीप्रमाणे असा करार मुळातच शून्य.' चार पानांचा मजकूर चार वाक्यांत आला.

मी विचारलं, पण तो खोटं बोलला ना? इथे ती अडली. मोहोरी बीबीतही मुलाने वय खोटं सांगितलं होतं, हे तिला आठवत होतं. तिथे प्रतिष्टंभाचा मुद्दा का चालला नाही? निकाल उघडून बघितलं: कर्ज देणाऱ्याच्या बाजूने काम करणाऱ्याला मुलाच्या वयाची खरी माहिती होती, तो फसलाच नव्हता. आपल्या दुकानदाराला तशी माहिती होती का? प्रश्नात नाही. म्हणजे मोहोरी बीबी इथे जशीच्या तशी लागू करता येत नाही. त्यासाठी खान गुल विरुद्ध लाखा सिंग, लाहोर, 1928 कडे जावं लागतं. खोटं बोलला तरी अल्पवयाचा बचाव त्याला घेता येतो, पण मिळालेला फायदा घशात घालून बसता येत नाही, अशी त्याची दिशा. आणि आज विशिष्ट अनुतोष अधिनियम, 1963 चं कलम 33: करार शून्य म्हणून बचाव यशस्वी झाला तरी जितका लाभ झाला असेल तितका परत करायला न्यायालय लावू शकतं. दुचाकी कुठे आहे? त्याच्याकडेच. म्हणजे दुकानदाराला हप्ते नाहीत, पण दुचाकी परत मागायला जागा आहे. आणि दुचाकी ही जीवनावश्यक गोष्ट आहे असं म्हणत कलम 68 खाली मुलाच्या मालमत्तेतून भरपाई मागता येईल का? त्याची परिस्थिती काय आहे यावर अवलंबून; प्रश्नात माहिती नाही, तर तसं लिहायचं.

सगळं मिळून सव्वा पान झालं. तिने ते दोनदा वाचलं आणि म्हणाली, "हे इतकं कमी चालतं?" चालतं. जास्तीचं सगळं भीतीपोटी लिहिलेलं असतं.

आयरॅक मुलांना माहीत असतं; मुद्दा, नियम, लागू करणं, निष्कर्ष, या चार खोल्या ते पाठ म्हणतात. पण तिसऱ्या खोलीत सामानच नसतं. 'वरील नियम प्रस्तुत प्रकरणास लागू होतो' हे वाक्य मी माझ्या वर्गात बंद केलं आहे. लागू करणं म्हणजे वाक्यात 'कारण' असणं, आणि 'कारण'नंतर प्रश्नातली एखादी वस्तुस्थिती असणं. नानावटीचा, म्हणजे पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घालणाऱ्या नौदल अधिकाऱ्याचा, निकाल याचा चांगला नमुना आहे. गंभीर व आकस्मिक प्रक्षोभाची व्याख्या सगळ्यांना पाठ असते. 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती व्याख्या घड्याळाला लावली: दीडच्या सुमाराला तो घरून निघाला, गोळ्या झाडल्या त्या चार वाजून वीस मिनिटांनी, मधल्या वेळात राग आवरायला पुरेसा अवधी होता. त्या दोन वेळा काढून टाकल्या तर उत्तर उरत नाही. मुलांना सांगते, तुमच्या प्रश्नातलं घड्याळ कुठे आहे ते आधी शोधा.

तपासताना एका कागदावर एकच गोष्ट सांगा. स्पेलिंग, व्याकरण, कलमाचा क्रमांक, मांडणी, सगळं एकदम लाल केलंत तर मूल फक्त लाल रंग बघतं. मी समासात 'का?' लिहिते किंवा 'कोण?' लिहिते, बस. पुढच्या आठवड्यात तोच कागद वर्गात पुन्हा लिहायचा. नवा प्रश्न नाही, तोच. हे पुनर्लेखन मुलांना सगळ्यात कंटाळवाणं वाटतं आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडतो. तीस कागद दर आठवड्याला तपासणं एकट्याच्याने होत नाही हे मलाही ठाऊक आहे. उत्तरं दहा-बारा ओळींची ठेवा, आळीपाळीने दहा जणांचे कागद घरी न्या, उरलेल्यांनी एकमेकांचे मोठ्याने वाचायचे. आपलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की ते कुठे अडखळतं हे आपोआप कळतं.

नव्या फौजदारी कायद्यांचा घोळ तुमच्याही वर्गात असेल. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. खुनाची शिक्षा 302 वरून 103 वर गेली, 420 ची फसवणूक 318 मध्ये. जुनी पुस्तकं, जुने निकाल आणि नवी कलमं अशी तिहेरी कसरत आहे. दोन्ही क्रमांकांचा तक्ता मुलांनाच करू द्या, छापील देऊ नका. आणि प्रश्नातल्या गुन्ह्याची तारीख बघायची सवय लावा, कारण त्या तारखेआधीच्या कृत्याला जुनीच संहिता लागते.

पाठांतरावर फार वेळ घालवू नका. एवढंच सांगा की वाचलेलं पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवून लिहिणं जास्त टिकतं. रोडिगर आणि कार्पिक यांचा 2006 चा प्रयोग मी वर्गात सांगते: पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून बघणारे पुढे गेले. परीक्षेच्या आदल्या रात्री सगळं 'आलंय' असं का वाटतं, याचं उत्तर मुलांना त्यात सापडतं.

चॅटबॉटवरून उत्तरं आणतील. अडवून उपयोग नाही. 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयात चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निकाल दाखल केल्याबद्दल वकिलांना 5,000 डॉलरचा दंड झाला, हा माटा विरुद्ध एव्हियांका खटला त्यांना वाचायला द्या. माझा नियम सोपा आहे: जो निकाल उद्धृत कराल त्याचं पान वर्गात उघडून दाखवायचं.

तुम्ही विचारलेलं नाही, पण वर्ग टिकणार की नाही हे यावरच ठरतं, म्हणून लिहिते. त्या खोलीत शिरणं म्हणजे 'मी नापास आहे' असं जाहीर करणं, असं मुलांना वाटतं. आमच्याकडे नोटीस बोर्डावर नावांची यादी लागली त्या वर्षी ज्यांना सर्वांत गरज होती तीच मुलं आली नाहीत. यादी लावू नका, एकेकाला निरोप द्या. विषय न राहिलेली चार-पाच मुलंही बोलवा, लेखन सुधारायला म्हणून. मग तो 'लेखनवर्ग' होतो. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमातली बरीच मुलं दिवसभर नोकरी करून येतात, कुणी वकिलाकडे क्लार्क, कुणी दुकानात. संध्याकाळच्या तासाला त्यांना घरचा अभ्यास देऊ नका, जे लिहायचं ते तिथेच. आणि एखादं मूल अभ्यासामुळे नाही, घरातल्या किंवा मनातल्या गोष्टीमुळे अडलंय असं दिसलं तर समुपदेशकाकडे पाठवा, स्वतः सोडवत बसू नका. मी बसले होते एकदा. त्यात त्या मुलाचं सत्रही गेलं.

असाइनमेंट लिहून द्या, तपासून द्या, 'फक्त सुरुवात करून द्या' असे आग्रह होतील. गुणांसाठी जे जमा होणार आहे त्याला हात लावू नका. सरावाचं कितीही तपासा.

पहिल्या तासाला जाताना हेडनोट कापलेल्या लालमन शुक्लाच्या तीस प्रती, कोरे कागद आणि पेन्सिली न्या. ओळख, प्रस्तावना, अभ्यासक्रमाची रूपरेषा, यातलं काही नको. प्रती वाटा, वीस मिनिटं द्या आणि विचारा, दावा किती रुपयांचा होता.